पाद्री अमेरिकेतला, बंद सोलापूरचा

६ ऑक्टोबर २००२ चा रविवार. अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या एका कार्यक्रमात जेरी फॉलवेल नावाच्या पाद्र्याने पैगंबरांना दहशतवादी म्हटले. फॉलवेल म्हणजे तिकडच्या उजव्या ख्रिस्ती राजकारणातले बडे प्रस्थ. सोलापुरात मात्र त्यांचे नाव तोवर कुणी ऐकले असेल असे वाटत नाही. ते इंग्रजीत बोलले, तेही अमेरिकन प्रेक्षकांसाठी. तरी ११ तारखेला, शुक्रवारी, निषेध म्हणून सोलापुरात बंद पुकारला गेला आणि त्याला दंगलीचे वळण लागले. पोलिसांचा गोळीबार झाला, संचारबंदी लागली, निदान आठ माणसे मेली. फॉलवेल यांनी माफी मागितली ती शनिवारी. तोवर इथल्या पेठांची दारे लागलेली होती.

अमेरिकेतल्या एका वाक्याने सोलापुरात माणसे का मेली, याचे उत्तर त्या वाक्यात सापडत नाही. ते त्या वर्षात सापडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुजरात पेटले होते. २४ सप्टेंबरला गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला, त्याला जेमतेम अडीच आठवडे झाले होते. त्यात नवरात्र सुरू, रूपाभवानीला भाविकांची रीघ. दोन्हीकडची मने आधीच ताणलेली होती.

भावना दुखावल्याचा कायदाही असाच लांबून आलेला आहे. लाहोरात १९२४ साली पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर एक पत्रक निघाले. प्रकाशक राजपाल, आर्य समाजी. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण मे १९२७ मध्ये हायकोर्टाने त्यांना सोडले. कलम १५३अ दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे, मृत धर्मसंस्थापकावरच्या टीकेला ते लागू होत नाही, असे न्यायमूर्ती दलिप सिंग यांचे म्हणणे पडले. त्यावर उत्तर हिंदुस्थानात आगडोंब उसळला आणि त्याच वर्षी दंडसंहितेत २९५अ हे नवे कलम आले: हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा. चर्चेत जिनांनी बजावले होते की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला या कलमाची झळ लागता कामा नये. राजपाल यांचा १९२९ मध्ये खून झाला तो झालाच.

‘हेतुपुरस्सर’ आणि ‘द्वेषबुद्धी’ हे दोन शब्द पुढे फार मोलाचे ठरले. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनेत बसते असा निर्वाळा दिला, पण या दोन शब्दांच्या आधारावरच. अजाणतेपणी किंवा निष्काळजीपणे झालेला अवमान त्यात येत नाही. मोर्च्यातल्या निवेदनात हे दोन शब्द क्वचितच दिसतात. तिथे ‘भावना दुखावल्या’ एवढे पुरते.

आर्य समाजाचा धागा सोलापूरपर्यंतही येतो. निजामाच्या राज्यात हवन, मिरवणुका, धर्मप्रचार यांवर निर्बंध होते. त्याविरुद्ध डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि पुढच्या वर्षी सत्याग्रहींचे जथे इथूनच निजामाच्या हद्दीत शिरले. दयानंद कॉलेज १९४० चे, त्याच्या नावामागे हा इतिहास आहे. धर्मस्वातंत्र्याची मागणी आणि धर्माच्या नावाने जमवाजमव यांतली रेघ तेव्हाही पुसट होती.

त्याच्याही आधी, १९३० साली, याच शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लादला होता. तिरंगा हातात घेणे हासुद्धा गुन्हा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या गावाला एकत्र आणणारी गोष्ट तेव्हा गिरणी होती. भोंगा वाजला की सगळ्या पेठांतली माणसे एका फाटकातून आत जात. नंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि माणसे यंत्रमागाच्या शेडमध्ये, विडीच्या सुपात, आपापल्या पेठेत पांगली. युनियन ढिली पडली, मंडळे बळकट झाली. हे माझे मत. पण गिरणगाव पाहिलेली माणसे इथे अजून आहेत, त्यांना विचारून पाहा.

अर्थात गिरण्या चालू असतानाही सगळे आलबेल नव्हते. १७ सप्टेंबर १९६७ ला, गणेश विसर्जनाच्या सुमारास, सोलापुरात दंगल झाली. त्या वर्षीच्या दंगलींची चौकशी न्या. रघुवर दयाल आयोगाने केली. त्याच्या यादीत सोलापूरबरोबर नगर, मालेगाव आणि रांचीही होते. रांचीचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता राजकारण. २९५अ आणि १५३अ ही कलमे (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ आणि १९६) अशी की पोलीस गुन्हा नोंदवून अटक करू शकतात, पण कोर्टाने दखल घ्यायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. अटक गल्लीतल्या दबावावर होते, खटला मंत्रालयातल्या इच्छेवर. १९९२-९३ च्या ‘सामना’तल्या अग्रलेखांवरून बाळासाहेब ठाकरे यांच्यावर खटल्याची परवानगी मिळाली ती सरकार बदलल्यावर, छगन भुजबळ गृहमंत्री असताना. जुलै २००० मध्ये अटक झाली आणि मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून कोर्टाने त्याच दिवशी प्रकरण निकाली काढले. १९८७ साली राज्य सरकारनेच छापलेल्या डॉ. आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’विरुद्ध शिवसेना रस्त्यावर उतरली. उत्तरादाखल मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर राम-कृष्णावरचे प्रकरण पुस्तकात राहिले, सोबत ‘या मतांशी सरकार सहमत नाही’ अशी टीप आली. दोन्ही बाजूंच्या मोर्च्यांची डोकी मोजून केलेला तो तोडगा होता.

बंदचेही तेच. केरळ हायकोर्टाने १९९७ मध्ये सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला, सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी तो निकाल उचलून धरला. म्हणजे २००२ च्या त्या शुक्रवारी शटर खाली ओढायला लावणे कागदोपत्री बेकायदाच होते. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाखांचा दंड बसला, तो २००४ मध्ये. रस्त्यावरच्या दुकानदाराला मात्र अजून एकच हिशोब कळतो: काचेची किंमत किती आणि एका दिवसाचा धंदा किती.

२०१४ ला सोलापूर शहर मध्य विधानसभा मतदारसंघात एमआयएमचा उमेदवार दुसरा आला. २०१७ ला महापालिकेत भाजपचे ४९ नगरसेवक निवडून आले, एमआयएमचे ९. दोन्ही पक्षांना आता रस्त्यावरची ताकद मतपेटीत मोजता येत होती. मे २०२२ मध्ये भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मांचे पैगंबरांबद्दलचे वक्तव्य टीव्हीवर आले; आखाती देशांनी जाब विचारला त्याच दिवशी, ५ जूनला, पक्षाने त्यांना निलंबित केले. १० जूनच्या शुक्रवारी देशभर निदर्शने झाली. रांचीत त्या दिवशीच्या हिंसाचारात दोघे मेले. सोलापुरातही हजारो लोक रस्त्यावर आले, घोषणा दिल्या आणि घरी गेले. २००२ शी तुलना केली तर आंदोलन तेच, कारणही तेच. बंदची सक्ती मात्र नव्हती. माझ्या मते फरक तिथेच पडला.

जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरात हिंदू जनआक्रोश मोर्चा निघाला. एप्रिल २०२३ मध्येच सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना बजावले होते की द्वेषपूर्ण भाषण झाले तर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. या मोर्च्यातल्या भाषणांवरून पोलिसांनी भाजपच्या दोन आमदारांवर, एक महाराष्ट्रातले आणि एक तेलंगणातले, गुन्हा नोंदवला. अशा खटल्याला परवानगी द्यायची की नाही, हे राज्य सरकारच्या हातात असते. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांतले महाराष्ट्रातले आमदार राज्याच्या मंत्रिमंडळात गेले.