राखशोषक, पेलेट शेगडीचा

राखशोषक, पेलेट शेगडीचा : पेलेट (लाकडाचा भुसा किंवा शेतातील अवशेष दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) जाळणाऱ्या शेगडीत किंवा भट्टीत साचलेली थंड व कोरडी राख ओढून धातूच्या बंद टाकीत जमा करणारे, विजेवर चालणारे यंत्र. बाजारात ते ‘अ‍ॅश व्हॅक्यूम’ म्हणूनच मागितले जाते. बाहेरून ते साध्या व्हॅक्यूम क्लीनरसारखे दिसते. फरक टाकी, नळी आणि फिल्टर या तीन भागांत आहे.

हे यंत्र ज्या शेगडीसाठी घडले ती थंड देशांत बैठकीची खोली उबदार ठेवते. सोलापुरात त्या शेगडीला काम नाही. येथे पेलेटचा विषय निघतो तो उपाहारगृहे, ढाबे, बेकऱ्या, शेंगदाणे भाजण्याच्या भट्ट्या आणि टॉवेल-चादरींच्या रंगाईतले लहान बॉयलर यांच्या संदर्भात. त्यामुळे पुढील विवेचनात निवड व निगा यांचा विचार या व्यावसायिक भट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉट औष्णिक केंद्रातील राखेचा प्रश्न सर्वस्वी निराळा असून तो येथे घेतलेला नाही.

पूर्वेतिहास : व्हॅक्यूम क्लीनरचे जनकत्व वादग्रस्त आहे. अमेरिकी लेखक साधारणपणे शिकागोच्या आयव्हज मॅक्‌गॅफी याच्या १८६९ च्या पेटंटापासून, म्हणजे हाताने फिरवायच्या ‘व्हर्लविंड’पासून आरंभ करतात. ब्रिटिश लेखक ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याच्या १९०१ च्या पेटंटाला पहिला मान देतात. इमारतीत कायमची बसवायची यंत्रणा करणाऱ्या डेव्हिड केनीचे नाव तिसरा पक्ष पुढे करतो. त्याच्या अर्जावर पेटंट मिळाले ते मात्र १९०७ मध्ये. राखशोषकाच्या दृष्टीने पाहिल्यास बूथचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. लंडनमधील एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल धरून त्याने तोंडाने हवा ओढली आणि रुमालावर उमटलेला धुळीचा डाग सोबत्यांना दाखवला, हा किस्सा थोड्याफार फरकाने सर्वत्र येतो. किस्सा खरा असो वा रंगवलेला, त्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे : हवा ओढणे ही अर्धी गोष्ट, ओढलेल्या हवेतून धूळ अडवणे ही उरलेली अर्धी. राखेच्या बाबतीत ही दुसरी गोष्टच अवघड असते. १९०८ मध्ये ओहायोतील जेम्स मरे स्पँग्लर याने कापडी पिशवी लावलेले हलके यंत्र आणले आणि ते हूव्हर कुटुंबाच्या कारखान्यातून घरोघरी पोचले. पण कापडी पिशवी आणि राख यांचे कधीच जमले नाही.

पेलेटचा इतिहासही असाच दुफळीचा आहे. लाकडाचा भुसा दाबून जळण करण्याचे श्रेय काही जण १९३० च्या दशकातील आयडाहोच्या ‘प्रेस्टो लॉग’ला देतात, पण ते फूटभर लांबीचे ओंडके होते, आजच्या पेलेटशी त्यांचे नाते दूरचे. पशुखाद्याच्या गोळीयंत्रावरून जळणाच्या गोळीची कल्पना आली, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. रूडॉल्फ गनरमन याचे या संदर्भातील अमेरिकी पेटंट १९७७ चे. स्वीडनमधील मोरा येथे १९८२ मध्ये निघालेला कारखाना काही वर्षांतच बंद पडला. अमेरिकेच्या वायव्य भागात जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने हॉपर (पेलेट साठवायची पेटी), ते पुढे सरकवणारा स्क्रू आणि पंखा असलेली शेगडी १९८० च्या दशकाच्या मध्यास विक्रीस आणली, त्यानंतरच पेलेट घराघरात शिरले. राखशोषकाची स्वतंत्र मागणीही त्यानंतरचीच मानणे सयुक्तिक ठरते, कारण लाकडी ओंडक्यांच्या चुलीला फावडे पुरत होते. पेलेटची राख पिठासारखी बारीक असते आणि ती शेगडीतल्या अरुंद नळ्या व पंख्याच्या कप्प्यात जाऊन बसते.

भारतात बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी विकसित केलेली ‘ऊर्जा’ ही पंख्याची पेलेट शेगडी २००६ च्या सुमारास महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूत आली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. शेतातील अवशेषांचे भाव चढत गेले तसा घरगुती ग्राहक मागे पडला आणि भर व्यावसायिक स्वयंपाकघरांवर आला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशासोबत पेलेट जाळणे बंधनकारक केल्यावर या मालाला आणखी एक मोठा गिऱ्हाईक मिळाला.

रचना : टाकी पत्र्याची, बहुधा १४ ते २० लिटरची. नळीला आतून किंवा बाहेरून धातूचे वेष्टन असते आणि तोंड धातूचे. आत दोन टप्प्यांत गाळणी होते. पहिला, जाड टप्पा धातूच्या जाळीचा किंवा न पेटणाऱ्या कापडाचा. दुसरा घडीदार फिल्टर बारीक कण अडवतो. काही यंत्रांत त्यापुढे हेपा फिल्टर असतो. हेपाची अमेरिकी व्याख्या ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवणारा अशी आहे, तर युरोपीय एच-१३ श्रेणीला ९९.९५ टक्के अपेक्षित आहेत. जाहिरातीत ‘हेपासारखा’ असा शब्द आला तर त्याला काही अर्थ नाही.

मोटर दोन प्रकारे थंड राहते. स्वस्त यंत्रांत ओढलेली हवाच गाळल्यावर मोटरवरून जाते. फिल्टर चोंदला की हवा घटते आणि मोटर तापते. दुसऱ्या प्रकारात मोटरला स्वतंत्र पंखा असतो. जेथे भोवतालची हवाच तापलेली असते तेथे दुसरा प्रकार घेणे शहाणपणाचे.

साध्या व्हॅक्यूमने राख काढू नये याची कारणे दोन. बारीक राख कागदी पिशवीतून पार होऊन मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि तेथून पुन्हा खोलीत येते, हे पहिले. दुसरे अधिक गंभीर आहे : राखेत दडलेल्या निखाऱ्यावरून वेगाने हवा गेली की तो फुलतो, आणि पिशवी व प्लॅस्टिकची टाकी हे त्याला आयते जळण.

‘थंड’ राखेचा प्रश्न : घरगुती व्हॅक्यूमच्या सुरक्षिततेचे युरोपीय मानक ईएन ६०३३५-२-२ असून २०१० नंतरच्या दुरुस्त्यांत त्यात राखशोषकांचा स्वतंत्र विचार झाला. उत्पादकांच्या पुस्तिकांत त्यानुसार एक ठरावीक इशारा असतो : राखेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असल्यास आगीचा धोका, काजळी ओढू नये, कागदी पिशवी वापरू नये, यंत्र सतरंजीवर ठेवू नये.

हा आकडा जर्मनी-ऑस्ट्रियाच्या हवेत नीट बसतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवाच ४० अंशांच्या वर जाते, काही दिवस ती ४३-४४ अंशांनाही टेकते. पत्र्याच्या शेडमधल्या भट्टीपाशी तर विझून आठवडा झालेली राखही दुपारी ‘थंड’ ठरणार नाही. याउलट वरून ३० अंश दाखवणाऱ्या राखेच्या पोटात जिवंत विस्तव असू शकतो, कारण राख ही उत्तम उष्णतारोधक आहे. रात्री निखारे राखेत पुरून सकाळी त्यांवरच चूल पेटवण्याची जुनी रीत याच गुणावर चालत असे. हुरड्याच्या आगटीत हात घालणाऱ्यालाही हे सांगावे लागत नाही. म्हणून इन्फ्रारेड तापमापीने राखेचा पृष्ठभाग मोजून निर्णय घेणे फसवे आहे.

येथे तापमानापेक्षा वेळ आणि थराची जाडी यांवर विसंबणे योग्य. बर्नरच्या पॉटमधला, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यातला, बोटभर थर रात्रभरात विझतो. राखेच्या ट्रेमधला जाड थर उलथून पूर्ण एक दिवस ठेवावा लागतो. सफाईची वेळ पहाटेची, भट्टी पेटवण्यापूर्वीची. मे महिन्यातही त्या वेळी पारा बहुधा तिशीच्या आत असतो.

अडचण अशी की ढाब्याची भट्टी रात्री उशिरा विझते आणि सकाळी लवकर पेटते. मधल्या पाच-सहा तासांत जाड थर विझत नाही. अशा ठिकाणी राखेचा मोठा वाटा लोखंडी उलथण्याने व पत्र्याच्या सुपलीने काढून झाकणाच्या लोखंडी पिंपात टाकावा, आणि यंत्र फक्त नळ्या, कोपरे व पंख्याचा कप्पा यांत उरलेल्या बारीक राखेसाठी ठेवावे. सोलापूरच्या भट्टीवर राखशोषक हे शेवटचा हात फिरवण्याचे साधन आहे. त्याच्याकडून फावड्याचे काम करून घेणारा फिल्टर तर घालवतोच, कधी तरी शेडही घालवेल.

निखाऱ्यावर पाणी ओतून काम उरकण्याची सवय अनेक भट्ट्यांवर आहे. ओली राख ओढता येत नाही, तापलेला बिडाचा बर्नर तडकतो आणि राखेतील क्षार पाण्यात उतरून पत्रा खातात.

निवड : पहिला प्रश्न जळणाचा. युरोपीय ‘ईएनप्लस ए-१’ दर्जाच्या लाकडी पेलेटमध्ये राख जास्तीत जास्त ०.७ टक्के असते, म्हणजे १० किलोमागे ७० ग्रॅम. शेतातील अवशेषांच्या पेलेटसाठी असलेल्या आयएसओ १७२२५-६ मानकात अ वर्गाला ६ व ब वर्गाला १० टक्क्यांपर्यंत राख चालते. सोलापूर भागात तुरीच्या काड्या, सोयाबीनचे भुसकट, शेंगांची टरफले हा कच्चा माल. उसाचे चिपाड बहुतेक कारखान्यांच्याच बॉयलरमध्ये जाते आणि कडबा ही वैरण, तिला कोणी जळण म्हणत नाही. भाताचा तूस मिसळलेला माल आला तर राख एकदम वाढते. नुसत्या तुसात ती १५ ते २० टक्के असते आणि तिच्यात बहुतांश सिलिका. ८ टक्के राखेचे ६० किलो पेलेट रोज जाळणाऱ्या उपाहारगृहात पावणेपाच किलोंच्या आसपास राख निघते. सुटी राख लिटरला अर्धा किलो धरली, तरी घरगुती मापाची टाकी एका दिवसात निम्मी वा त्याहून अधिक भरते, आणि निम्म्यानंतर ओढ कमी होऊ लागते. वॅटचा आकडा पाहून यंत्र घेण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही; फिल्टरचे क्षेत्रफळ आणि तो टाकी न उघडता झटकता येतो की नाही, हे आधी पाहावे. सुटा फिल्टर गावात किंवा निदान पुण्याहून वेळेत मिळेल याची खात्री केल्याशिवाय यंत्र घेऊ नये.

मोठ्या भट्टीसाठी यंत्राआधी पत्र्याचे सायक्लोन-पिंप बसवणे हा स्वस्त उपाय आहे. हवा गोल फिरते, जड राख पिंपात पडते, आणि फिल्टरवरचा भार उतरतो. काही मायक्रॉनचे अतिबारीक कण मात्र सायक्लोनला जुमानत नाहीत. त्यामुळे मागचा फिल्टर चांगलाच हवा. तुसाची राख फार तापली असेल तर तिच्यातील सिलिका स्फटिकरूप घेते व ती फुफ्फुसाला घातक असते. तेथे हेपाचा आग्रह धरावा.

यंत्रमागाच्या कारखान्यांसाठी एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. टेरी टॉवेलच्या मागांखाली कापसाची तूस, म्हणजे लिंट, सतत साचते. तीच उचलण्यासाठी आणि बॉयलरची राख काढण्यासाठी एकच यंत्र फिरवणे म्हणजे टाकीत काडीपेटी आणि कापूस एकत्र ठेवणे होय. हॉपरच्या तळाशी उरलेला पेलेटचा भुगाही राखशोषकाने ओढू नये. तो जळण आहे, राख नव्हे.

निगा : भट्टीतले वितळून घट्ट झालेले खडे, बॉयलरवाले ज्यांना क्लिंकर म्हणतात ते, आधी खरवडून हाताने काढावेत. त्यांच्या धारेने नळी व फिल्टर फाटतात. पिकांच्या अवशेषांतील पोटॅश आणि सिलिका एकत्र आल्याने राख कमी तापमानाला वितळते, म्हणून असे खडे लाकडी पेलेटपेक्षा येथे जास्त.

काम संपले की टाकी उघड्यावर नेऊन रिकामी करावी. राख टाकीत ठेवून यंत्र कोपऱ्यात उभे करणे हे आगीचे सर्वांत सामान्य कारण असावे. फिल्टर झटकावा, पण भिंतीवर आपटू नये. मोटरकडच्या बाजूस पांढरी भुकटी दिसली की फिल्टरला छिद्र आहे किंवा झाकणाचे रबर गेले आहे. धुण्याजोगा फिल्टर असेल तरच धुवावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये; ओलसर फिल्टरवर राखेचा सिमेंटसारखा लेप बसतो. पावसाळ्यात न धुताही हे घडते, कारण राखेतील क्षार हवेतला ओलावा धरतात. कोरड्या दिवसांत उलट अडचण : नळीत स्थिर वीज साठून हाताला झटके बसतात. यंत्राचा प्लग तीन पिनांचा असेल आणि सॉकेटचे अर्थिंग चालू असेल तर हा त्रास कमी होतो. कार्बन ब्रश झिजल्यास मिक्सर-ड्रिल दुरुस्त करणारा कारागीर ते बदलून देतो.

राखेची विल्हेवाट : भांडी घासणे आणि भाजीवरील माव्यावर राख धुरळणे हे उपयोग परिचित आहेत. खत म्हणून शेतात टाकण्याचा सल्ला सरसकट देता येत नाही. राख अल्कधर्मी असते आणि ती आम्ल जमिनीला मानवते. सोलापूरच्या काळ्या जमिनी मुळातच चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहेत. डाळिंबाच्या बागेत पोटॅशच्या आशेने पाट्याच्या पाट्या ओतल्यास सामू (पीएच) आणखी चढतो व लोह-जस्त पिकाला मिळेनासे होते. शेणखताच्या खड्ड्यात थोडी थोडी मिसळणे सुरक्षित. प्लायवूडचा भुसा मिसळलेल्या पेलेटची राख मात्र तेथेही टाकू नये.