कार्बोरेटरच्या वाटीतलं मिठागर

चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली मोटरसायकल पहिल्या किकला चालू झाली नाही, यात नवल नाही. नवल वाटलं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या निदानाचं: ‘पेट्रोलमधल्या इथेनॉलचा गोंद होतो आणि कार्बोरेटर जाम होतो. जनहितार्थ पुढे पाठवा.’ भाच्याने तो मेसेज मला पुढे पाठवला आणि पाठोपाठ स्वतःच आला, कार्बोरेटर जुन्या टॉवेलात गुंडाळून. “मामा, तू केमिस्ट्री शिकवायचास ना? मग सांग, इथेनॉलचाच प्रताप ना हा?”

नाही. असा चिकटा माझ्या वडिलांच्या स्कूटरमध्येही धरायचा, आणि तेव्हा पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची पद्धतच नव्हती.

लक्षणं ठरलेली असतात. चोक ओढला की गाडी चालू होते, चोक सोडला की बंद पडते. ॲक्सिलेटर पिळून धरलं तर फटफटत राहते, सोडलं की मरते. गॅरेजवाला लांबूनच ऐकून सांगतो, “कचरा आया है, पायलट जेट बंद है.” जेटबद्दल, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीबद्दल, त्याचं अगदी बरोबर असतं. माझं भांडण ‘कचरा’ या शब्दाशी आहे. कचरा बाहेरून येतो. हा आतल्या आत शिजतो.

कार्बोरेटर तसा सरळ प्राणी आहे. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला द्यायचं, एवढंच त्याचं काम. टाकीतून पेट्रोल खालच्या वाटीत उतरतं. तिथे फ्लोट असतो, तो म्हणजे गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉकच: वाटी भरली की वर उचलला जातो आणि पिन नळी बंद करते. वर हवेचा बोगदा मधेच अरुंद होतो, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि वाटीवरचा वातावरणाचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. बर्नुलीचं तत्त्व, शाळेत शिकलेलं. गाडी पळताना काम मेन जेटचं. सिग्नलला उभी असताना मात्र सगळी भिस्त पायलट जेटवर, आणि शंभर सीसीच्या गाडीत त्याचं भोक साधारण ०.४ मिलिमीटरचं असतं. भोकाच्या भिंतीला चहूबाजूंनी ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक केसाएवढा थर बसला, तर व्यास ०.३ उरतो आणि वाट ५६ टक्क्यांवर येते. हवा तेवढीच, पेट्रोल जवळपास निम्मं. पेट्रोल नीट जळायला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते; हे गणित एवढं बिघडल्यावर ठिणगी पडूनही उपयोग नसतो. चोक ओढल्यावर गाडी का चालते, हेही इथेच कळतं: चोक हवेच्या मानाने पेट्रोल वाढवतो.

आता थर कशाचा, ते. वाटी उघडली तेव्हा तळाशी काकवीच्या रंगाचा लेप होता आणि वास पेट्रोलचा नव्हता, जुन्या वॉर्निशचा होता. भाच्याला मी स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसशेजारच्या तेलाच्या बुधल्याला हात लावायला सांगितला. बुधल्याच्या बाहेरून जो पिवळट, नखाने खरवडावा लागणारा चिकटा असतो, तो आणि हा सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्कीच.

तेल काय, पेट्रोल काय, दोघांतही कार्बनच्या साखळ्या. काही साखळ्यांत दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांत जड तेलाच्या लांब साखळ्या तोडून पेट्रोल वाढवतात, त्या तोडफोडीत असे दुहेरी बंधवाले रेणू, म्हणजे ओलेफिन, तयार होतात. भारतीय मानकानुसार साध्या पेट्रोलमध्ये ते २१ टक्क्यांपर्यंत चालतात. दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल बसलेला असतो. उष्णतेने किंवा एखाद्या धातूच्या चिथावणीने तो निसटला की मागे एकट्या इलेक्ट्रॉनचा अस्वस्थ रेणू उरतो: मुक्तमूलक, फ्री रॅडिकल. हवेतला ऑक्सिजन त्याला तत्काळ चिकटतो, कारण ऑक्सिजनच्या रेणूतही दोन इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात. या जोडगोळीचं नाव पेरॉक्सी मूलक. ते शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतं आणि स्वतः शांत होतं. पण ज्याचा हिसकावला तो आता अस्वस्थ. हा खो-खोच आहे. खो मिळालेला उठून धावतो, खो देणारा त्याच्या जागी बसतो. पळणारा बदलतो, पळणं थांबत नाही.

शांत झालेला तो रेणू, हायड्रोपेरॉक्साइड, खरं तर शांत नसतो. त्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कमजोर. तो तुटला की एकाचे दोन मूलक होतात, म्हणजे मैदानात एका खेळाडूऐवजी दोघं धावू लागतात. तांब्याच्या संगतीत हा बंध फार लवकर तुटतो, आणि जेट कशाचे असतात? पितळेचे, म्हणजे तांबं अधिक जस्त. यातले काही मूलक हायड्रोजन न हिसकावता थेट दुसऱ्याच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतात, त्यावर तिसरा, मग चौथा. ज्या रेणूंत दोन-दोन दुहेरी बंध असतात, ते डायीन, यात सगळ्यांत पुढे. साखळी लांबते, जड होते, पेट्रोलमध्ये तरंगेनाशी होते आणि धातूवर बसते. तोच गोंद. (कंटाळा आला असेल तर एवढं धरा: पेट्रोल हवेत मुरतं तेव्हा खवट होतं, आणि खवट व्हायची क्रिया स्वतःच स्वतःला वाढवत नेते.)

रिफायनरीला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून पेट्रोलमध्ये फिनॉल जातीची द्रव्यं घालतात. ती पेरॉक्सी मूलकाला आपला हायड्रोजन आपणहून देऊन टाकतात आणि नंतर कुणाला खो देत नाहीत. खाद्यतेलाच्या पिशवीवर ‘आयएनएस ३१९’ छापलेलं दिसलं, तर ते याच घराण्यातलं. पेट्रोलचा नमुना पोलादी भांड्यात ऑक्सिजनच्या दाबाखाली १०० अंशांना तापवून तो किती वेळ दम धरतो, हेही तपासतात. मानक म्हणतं, किमान ३६० मिनिटं. पण हा रक्षक खर्ची पडत जातो. तो संपला की खेळ सुरू.

मग टाकीतलं पेट्रोल बरं राहून वाटीतलंच का बिघडतं? मुलुंडला राहणाऱ्याला मिठागर समजावून सांगावं लागत नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला वर्षानुवर्षं पाहिलंय: खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, पुन्हा घ्यायचं, पुन्हा आटवायचं. पाणी जातं, मीठ राहतं. कार्बोरेटरची वाटी तशीच. तिला हवेसाठी नळी उघडी असते, त्यातून हलके रेणू उडून जातात. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो आणि, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असेल तर, टाकीतून नवं पेट्रोल येतं. तेही आटतं. उडून न जाणारं सगळं तळाशी साचत जातं, आणि जेटचं तोंड नेमकं तळाशी बुडालेलं.

हिशेब करून पाहा. मानकानुसार ताज्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत गोंद चालतो. वाटीत ३० मिलिलिटर पेट्रोल धरलं तर १.२ मिलिग्रॅम. किरकोळ वाटतं? ०.४ मिलिमीटरचं भोक आठ-नऊ मिलिमीटर लांबीपर्यंत बुजवायला तेवढं पुरतं. सगळा गोंद भोकातच जमत नाही हे खरं, पण वाटी एकदाच आटते असंही नाही, आणि चार महिन्यांचं पेट्रोल ताजंही नसतं.

इथेनॉल अगदी निर्दोष आहे, असं नाही. त्याच्या रेणूत दुहेरी बंध नाही, त्यामुळे गोंद व्हायच्या खेळात तो उतरतच नाही. पण तो हवेतलं बाष्प ओढतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओढायला बाष्प भरपूर. पाणी फार झालं की इथेनॉल ते घेऊन वेगळं होतं आणि तळाशी बसतं. मग वाटीच्या मिश्रधातूवर पांढरी पूड धरते. म्हणून आधी रंग पाहावा. तपकिरी चिकटा असेल तर हवेचं काम, पांढरी पूड असेल तर पाण्याचं. भाच्याच्या वाटीत पूड कडेला चिमूटभर होती, बाकी सगळी काकवी.

याच ग्रुपवर दुसरा एक उपाय फिरतो: टाकीत डांबराच्या दोन गोळ्या टाका, मायलेज वाढतं, इंजिन साफ राहतं. हँडलला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही, ती निदान टाकीच्या बाहेर असते. डांबराची गोळी म्हणजे नॅप्थलीन. ते पेट्रोलमध्ये विरघळतं, पण ८० अंशांपर्यंत घनच असतं. पेट्रोल आटलं की त्याचे स्फटिक तळाशी, म्हणजे पुन्हा जेटच्या तोंडाशी. आपल्या मिठागरात हे वरून आणून ओतलेलं मीठ.

साफ करताना बहुतेक जण पेट्रोलनेच धुतात. त्याने माती निघते, गोंद निघत नाही. गोंद पेट्रोलमधूनच जन्मला खरा, पण अंगात ऑक्सिजन भरल्यामुळे त्याचा स्वभाव बदललेला असतो. त्याला ॲसिटोनसारखं द्रावक लागतं, कार्ब क्लीनरच्या डब्यात असतं तसं. आधी रबराच्या रिंगा काढून ठेवाव्यात, नाहीतर त्या फुगतात. जेट रात्रभर भिजवावा आणि सकाळी हवा मारावी. पोलादी तारेने किंवा टाचणीने टोचू नये. पितळ मऊ असतं, ओरखडा पडून भोक मोठं झालं तर जेट बदलावाच लागतो. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा चालतो. आम्ही हे बाल्कनीत केलं, देवघरातली समई शांत झाल्यावर, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि जमिनीलगत सरपटत जाते. जेट ट्यूबलाइटसमोर धरला तेव्हा आदल्या दिवशीच्या अंधाराच्या जागी सुईच्या टोकाएवढा गोल उजेड होता.

पुढच्या वेळी गाडी ठेवून जाताना कॉक बंद कर आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, एवढं भाच्याला सांगितलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून नव्या गाड्यांत जवळपास सगळीकडे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे, त्यांना वाटीच नाही. जुन्या गाड्यांचं मिठागर मात्र चालूच.

एक गोष्ट राहिली. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत पिळून किती फेरे लागतात ते मोजायचं असतं, म्हणजे परत तेवढाच सोडता येतो. भाच्याने मोजले होते, लिहिले नव्हते. पावणेदोन की सव्वादोन, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी गॅरेजवाल्याने गाडी चालू करून स्क्रू हळूहळू फिरवला आणि आवाज सगळ्यांत चढला तिथे थांबला. किती फेरे झाले, ते त्यानेही मोजलं नाही.