हरणांचा हिवाळी आसरा

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात स्ट्रॅटन हे एक छोटे डोंगराळ गाव आहे. 1980 च्या दशकात तेथे एका कंपनीने सुट्टीतल्या घरांसाठी 33 भूखंड पाडण्याची परवानगी मागितली, आणि अर्ज अडला तो सुमारे 20 हरणांपाशी. जमिनीचा बराचसा भाग 280 एकरांच्या एका सूचिपर्णी रानात येत होता. आजूबाजूच्या सुमारे 28 चौरस किलोमीटरच्या टापूत पांढऱ्या शेपटीच्या हरणांना हिवाळा काढण्यासाठी तेवढे एकच रान उरले होते.

वीस हरणांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हरणाच्या शरीरात आहे. त्याची हिवाळी लोकर इतकी उबदार असते की बसलेल्या हरणाच्या पाठीवर पडलेला बर्फ बराच वेळ वितळत नाही. त्याला खरे थकवतो तो जमिनीवर साचलेला खोल बर्फ. पोटापर्यंत रुतणाऱ्या बर्फातून चालताना एरवीपेक्षा कैक पट शक्ती खर्च होते, आणि खायला मिळतात त्या केवळ झुडपांच्या काड्या व कळ्या. त्यामुळे शरद ऋतूत साठवलेली चरबी वसंतापर्यंत पुरवून वापरणे, एवढाच मार्ग हरणाजवळ उरतो. बर्फ साधारण 40 सेंटिमीटरच्या वर गेला, की ती ठरावीक रानांत गोळा होऊ लागतात. तेथील लोक अशा जागेला डीअर-यार्ड म्हणतात.

या रानांत हेमलॉक, सिडार, स्प्रूस आणि फर अशी सदाहरित झाडे दाटीने उभी असतात. त्यांच्या फांद्या पडणारा बर्फ वरच झेलतात, वारा अडवतात आणि रात्री जमिनीची ऊब आकाशाकडे निसटू देत नाहीत. खाली हरणांच्या रोजच्या येण्याजाण्याने बर्फ तुडवून घट्ट पायवाटा तयार होतात. याच वाटांनी ती चाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि कायोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखा शिकारी प्राणी) मागे लागला तर पळूही शकतात. पिल्ले आईबरोबर येऊन ही जागा ओळखतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानाचा आसरा घेतला जातो.

दयेपोटी मका टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. हिवाळ्यात हरणाच्या पोटातले सूक्ष्मजीव काड्या पचवण्यासाठी जुळवून घेतलेले असतात. अचानक पिष्टमय धान्य मिळाले तर पोटात आम्ल वाढून, भरल्या पोटीही हरीण मरू शकते. व्हरमाँटमध्ये हरणांना खाऊ घालण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती रास्तच आहे.

राज्याच्या एकूण वनक्षेत्रापैकी अशी हिवाळी राने अवघी 8 टक्क्यांच्या आसपास आहेत. वर पुरेसे छत धरण्याइतका हेमलॉक वाढायला अनेक दशके लागतात, म्हणून घरे बांधून झाल्यावर रोपे लावण्याला अर्थ राहत नाही. हे रान गावाच्या विकास आराखड्यात आधीच दाखवलेले असावे लागते. मालकाने लाकूड तोडूच नये असेही नाही. टप्प्याटप्प्याने, छत शाबूत ठेवून तोड केली तर खालच्या झुडपांना ऊन मिळते आणि हरणांचा चाराही वाढतो. भूखंड, रस्ते आणि मोकाट कुत्रे मात्र रान कायमचे तोडतात.

व्हरमाँटच्या 1970 च्या कायद्यात वन्यजीवांच्या आवश्यक अधिवासाची तरतूद होती. तिच्याच आधारे राज्याच्या पर्यावरण मंडळाने 1987 मध्ये स्ट्रॅटनचा अर्ज नाकारला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हरणांना जागा राखायला लावणे म्हणजे आमची जमीन प्रत्यक्ष ताब्यात घेणेच होय, हा कंपनीचा युक्तिवाद 1992 मध्ये फेडरल अपील न्यायालयातही टिकला नाही.

हेमलॉकवर मात्र आता निराळेच संकट आहे. सुयांच्या बुडाशी कापसासारखे पुंजके करून झाडाचा रस शोषणारा एक परदेशी कीटक 2007 मध्ये याच भागात, विंडहॅम काउंटीत, आढळला. कडाक्याच्या थंडीत तो मोठ्या संख्येने मरतो. हिवाळे सौम्य होत गेले तर हरणांना चालणे सोपे जाईल, पण हा कीटकही तगेल आणि पुढच्या बर्फाळ वर्षी त्यांच्या डोक्यावरचे छत विरळ झालेले असेल.