परदेशी एमबीए म्हणजे वर्क व्हिसा नव्हे

राजारामपुरीतल्या क्लासपासून गावाकडच्या पारापर्यंत एक समज वर्षानुवर्षं पक्का आहे: परदेशात एमबीए केलं की कॉलेजच नोकरी लावतं, वर्क व्हिसाही काढून देतं. हे खरं नाही. कॉलेजचा करिअर विभाग सीव्ही तपासतो, मुलाखतीची तयारी करून घेतो, कंपन्यांशी गाठ घालून देतो. वर्क व्हिसासाठी स्पॉन्सर मात्र नोकरी देणारी कंपनीच करते, म्हणजे सरकारकडे तुमची जबाबदारी तीच घेते.

अमेरिकेत शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं. आणखी 24 महिने मिळतात ते कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तरच. दोन कॉलेजांच्या एमबीएचं नाव सारखं असलं, तरी आय-ट्वेंटीवरचा (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवरचा) कोर्सचा कोड वेगळा असू शकतो, आणि कोर्स स्टेम यादीत आहे का ते त्या कोडवरूनच ठरतं. घरावर किंवा शेतावर कर्ज काढण्याआधी तो कोड कॉलेजला लेखी विचारा, कळकळीने सांगतोय. पुढे एच-वन-बी या वर्क व्हिसाच्या वर्षाला 65,000 जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000. नोंदणी कंपनी करते आणि तरी निवड होईलच असं नाही.

ब्रिटनमध्ये स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येते. नाव नसेल तर ती कंपनी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सर करू शकत नाही. पैसे घेऊन स्पॉन्सरशिप मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.