दोन मतांवर तरलेल्या पाळकबाई

भाग संपतो, नावं पडद्यावरून सरकून जातात आणि मग त्या दोघी पुन्हा दिसतात. पाळकबाई जेराल्डिन आणि चर्चची व्यवस्था बघणारी ॲलिस. जेराल्डिन एक विनोद सांगते, बऱ्याचदा जरा चावटच. ॲलिस डोळे मोठे करून ऐकते आणि विनोद सोडून भलतंच काहीतरी विचारते. जेराल्डिन समजावते. ॲलिस आणखी गोंधळते. 'द व्हिकर ऑफ डिब्ली' या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेचे चाहते एखाद्या भागाचं कथानक विसरतील, पण शेवटचं हे मिनिट-दोन मिनिटांचं शेपूट विसरणार नाहीत.

एवढ्या निरुपद्रवी करमणुकीच्या मुळाशी मात्र चांगलंच कडवट भांडण आहे. बायकांना पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही, यावर चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चचे निर्णय घेणाऱ्या सभेत, ११ नोव्हेंबर १९९२ रोजी मतदान झालं. बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशी तीन सभागृहं, आणि तिन्हींत दोन तृतीयांश मतं हवीत. बिशपांचा आणि पाळकांचा प्रश्न नव्हता, तिथे आरामात निभावलं. घोडं अडण्याची भीती होती ती सामान्य सभासदांपाशी. तिथे १६९ विरुद्ध ८२ असा निकाल लागला. होकार देणाऱ्यांपैकी दोघांचं मन ऐनवेळी फिरलं असतं, तर ठराव पडला असता.

जिंकल्यावरही धुसफूस थांबली नाही. काही पाळक चर्च सोडून गेले. बाईच्या हातून प्रभुभोजन घेणार नाही म्हणणाऱ्यांची समजूत काढायला वेगळे बिशप नेमावे लागले. ते या भागातून त्या भागात फिरत, म्हणून लोकांनी त्यांना 'उडते बिशप' असं नावच पाडलं. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये पहिल्या ३२ जणींना दीक्षा मिळाली. आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाला दोन वर्षं व्हायला एक दिवस असताना, बीबीसी वनवर डिब्ली सुरू झाली.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाई आठवाव्यात. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेजला याच चर्चच्या भगिनींकडे राहून बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमला मुलींच्या कॉलेजात शिकवू लागल्या. तिथे त्यांनी पुरुषांनाही शिकवावं, असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आडकाठी केली. जी हरकत माझ्या वडिलांनी घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, ती या इंग्रजांनी घ्यावी याचं रमाबाईंना मोठं नवल वाटलं होतं. वाँटेजच्या ज्या भगिनीशी त्यांचा याबद्दल पत्रव्यवहार चाले, तिचं नाव सिस्टर जेराल्डिन. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मालिका रिचर्ड कर्टिसची. पुढे लेखनात पॉल मेह्यू-आर्चर त्याच्या जोडीला आला. कर्टिसने १९९४ मध्येच दीक्षा घेतलेल्या जॉय कॅरल या पाळकबाईंचा सल्ला घेतला होता. जेराल्डिन खोटी वाटत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं. ब्रिटिश टीव्हीला विनोदी पाद्री काही नवे नव्हते. १९६६ पासून चाललेली 'ऑल गॅस अँड गेटर्स' कॅथीड्रलमधल्या धांदरट पुरुषांवरच बेतली होती. तिथे हसू यायचं ते पाद्र्याच्या वेंधळेपणाचं. कर्टिसने गणित उलटं केलं. डॉन फ्रेंच या अभिनेत्रीने साकारलेली जेराल्डिन हीच गावातली सगळ्यांत शहाणी बाई. चॉकलेटवर जीव टाकणारी, अंगाने भरलेली, त्यावर स्वतःच विनोद करणारी, आणि देवावर मनापासून श्रद्धा असलेली. वेडं आहे ते सगळं गाव.

त्या गावाचा कारभार बघणारी पॅरिश कौन्सिल म्हणजे अस्सल नमुना. अध्यक्ष डेव्हिड हॉर्टन, पैसेवाला आणि पक्का परंपरावादी. 'नाही, नाही, नाही' करत शेवटी 'हो' म्हणणारा जिम ट्रॉट. शेतकरी ओवेन, ज्याच्या तोंडी कधी काय येईल याचा नेम नाही. भयंकर पदार्थ करून प्रेमाने खाऊ घालणाऱ्या लेटिशिया आजी. आणि इतिवृत्त लिहिणारे फ्रँक पिकल, इतके कंटाळवाणे की बोलायला लागले की समोरच्याला झोपच यावी. सिनॉडमध्ये जे भांडण वर्षानुवर्षं चाललं, ते इथे या टेबलाभोवती येतं. बाई आलेली पाहून डेव्हिड आधी खवळतो. पण प्राण्यांसाठी ठेवलेल्या प्रार्थनेला गाईगुरं, कुत्री-मांजरं घेऊन माणसं येतात आणि चर्च भरून जातं, तेव्हा वाद घालायला फारसं काही उरतच नाही.

माझ्या मते मालिकेचा जीव फ्रँकच्या एका प्रसंगात आहे. गावाचा रेडिओ सुरू होतो, फ्रँकना बोलायची पाळी मिळते, आणि आयुष्यभर मनात दडवलेली गोष्ट ते माइकसमोर सांगतात, की आपण समलिंगी आहोत. पण फ्रँक बोलणार म्हटल्यावर सगळ्यांनी आधीच रेडिओ बंद केलेला! हसताना घशाशी काहीतरी अडकतं, आणि तरीही कोणाची टर उडवल्यासारखं वाटत नाही. याउलट २००६च्या नाताळात आणि २००७च्या पहिल्या दिवशी दाखवलेलं जेराल्डिनचं लग्नप्रकरण मला जरा गोडच वाटतं. अर्थात चाहत्यांपुढे हे बोलायची सोय नाही.

चित्रीकरण झालं बकिंगहॅमशरमधल्या टर्व्हिल या खेड्यात. डिब्लीचं चर्च म्हणजे तिथलंच सेंट मेरीचं. शीर्षकगीत म्हणजे हॉवर्ड गुडॉलने चाल लावलेलं बायबलमधलं स्तोत्र २३. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असतंच, आणि आपल्याकडे प्रॉटेस्टंट मंडळी धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात, तेही त्याच मेंढपाळाच्या नात्याने. चाल इतकी शांत आहे की पुढे विनोदी मालिका येणार, असं वाटूच नये.

मूळ भाग भरले अवघे २०. तरी २००४ साली बीबीसीने घेतलेल्या लोकप्रिय विनोदी मालिकांच्या कौलात डिब्ली तिसरी आली. चर्चचा गाडा मात्र रखडतच राहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बायकांना बिशप करण्याचा ठराव सामान्य सभासदांच्याच सभागृहात सहा मतांनी पडला. पुढच्या मार्चमध्ये कॉमिक रिलीफ या मदतनिधीच्या टीव्ही कार्यक्रमासाठी जेराल्डिन परत आली ती थेट बिशपपदाच्याच विषयावर. लिबी लेन खऱ्याखुऱ्या पहिल्या बाई बिशप झाल्या त्या २०१५ साली, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे या चर्चच्या सर्वांत वरच्या धर्मगुरूपदासाठी, सारा मुलॅली यांचं नाव जाहीर झालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये.

तोवर डिब्लीचं टेबल रिकामं होत गेलं होतं. लेटिशिया झालेल्या लिझ स्मिथ, ओवेन झालेले रॉजर लॉइड-पॅक, फ्रँक झालेले जॉन ब्लूथल, मग जिम झालेले ट्रेव्हर पीकॉक आणि डेव्हिड झालेले गॅरी वॉल्डहॉर्न. एमा चेंबर्स, म्हणजे ॲलिस, २०१८च्या फेब्रुवारीत गेली. २०२० च्या डिसेंबरात, लॉकडाऊनच्या दिवसांत, डॉन फ्रेंच जेराल्डिन होऊन छोट्या भागांत पुन्हा पडद्यावर आली. समोर विनोद न कळणारं कोणी नव्हतं.