पार्श्वभूमी : मोटेला पाजलेले तेल आणि गाडीच्या सीटचे कंडिशनर

विहिरीवरची कातडी मोट वाळून कडक होऊ नये म्हणून तिला तेल पाजावे लागे. डिझेल इंजिने आणि विजेचे पंप येईपर्यंत तापीकाठच्या शेतकऱ्याला हे काम सवयीचे होते. ते कातडे बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत कमावलेले, वर रंगाचा थर नसलेले. तेल आत मुरे, तंतू मोकळे राहत, घडीवर भेग पडत नसे. ‘पाजणे’ हा शब्द तिथे अगदी खरा होता. गाडीच्या सीटबद्दल बोलतानाही आपण तोच शब्द वापरतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

जुन्या उघड्या मोटारींत चालकाच्या जागी कातडे आणि मागे मालकासाठी कापड असे, कारण कातड्यावरचे पाणी पुसता येते. १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमने (झाडाच्या सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी) कातडे कमावण्याचे पेटंट झाले आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. पुढे वरून नायट्रोसेल्युलोज लॅकर मारू लागले. ते तडकायचे, तडांतून तेल आत जायचे, म्हणून तेल चोळण्याची पद्धत टिकली. आपल्याकडे अँबॅसेडर आणि पद्मिनीला बहुतेक रेक्झिनच होते. त्याला ओले फडके पुरे.

आजच्या बहुतेक सीटवर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप असतो. कातडे कमावतानाच त्यात तेल घातलेले असते. मग वरून लावलेले कंडिशनर जाते कुठे? यावर जाणकारांत दोन तट आहेत. एक म्हणतो, उन्हाने आतले तेल हळूहळू उडते, ते भरून काढले पाहिजे. दुसरा म्हणतो, लेपातून तेल फारसे आत जातच नाही. कंडिशनर लेपालाच मऊ ठेवते, घर्षण कमी करते. आम्हाला दुसरे पटते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि काचा बंद करून उभी गाडी आतून त्याहून कितीतरी जास्त तापते, हे खरे. पण सीट फाटते ती बहुधा मळाने. काळ्या मातीची बारीक धूळ घामात कालवली की कपड्याखाली पॉलिश पेपरसारखी घासते. चालकाच्या सीटचा दाराकडचा उंचवटा सर्वांत आधी जातो तो याच कारणाने. चढता-उतरता तिथेच रगड बसते.

आधी सीट कशाची आहे ते पाहा. हेडरेस्टच्या चेनमधून उलटी बाजू दिसली तर बघा : तंतूदार, सुएडसारखी असेल तर कातडे, विणलेले कापड असेल तर कृत्रिम. अनेक ‘लेदर’ सीटमध्ये बसायच्या भागापुरतेच कातडे असते, बाजू आणि पाठ व्हिनाइलची, म्हणजे रेक्झिनसारख्या प्लास्टिकची. व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य एकदा उडाले की कोणतेही कंडिशनर ते परत आणत नाही. मग आडोशाच्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभरात मुरून डाग गडद झाला तर कातडे बिनलेपाचे. त्याला वेगळा क्लीनर लागतो.

लेपवाल्या सीटसाठी गाडी सावलीत घ्या, सीट गार होऊ द्या. उन्हात क्लीनर वाळतो आणि कडांना डाग धरतो. आधी व्हॅक्यूम, शिवणीत मऊ ब्रश. क्लीनर सीटवर न फवारता ब्रशवर घ्या. एका वेळी फूटभर जागा, हलक्या हाताने गोल फिरवा आणि फेस मळका झाला की लगेच ओल्या मायक्रोफायबरने टिपा. कपड्याचा साबण अल्कधर्मी, कातडे आम्लधर्मी, तो नको. थिनर आणि स्पिरिट तर लेपच विरघळवतात. अर्धा तास वाळल्यावर पाण्यावर आधारित कंडिशनर, एका सीटला १० मिली, फडक्यावर घेऊन पातळ लावा. १५ मिनिटांनी उरलेले पुसून काढा. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, एवढे बास. साफसफाई मात्र दोन-तीन महिन्यांनी हवीच. छिद्रांच्या, हवा येणाऱ्या सीटवर थेंबही थेट ओतू नका, छिद्रे बुजतात.

रावेर-यावलकडे केळीच्या चिकाचा डाग नेहमीचा. चीक हवेत तपकिरी होतो आणि कपड्यावरून निघत नाही. लेपावर तो वरच बसतो, म्हणून ओला असतानाच टिपला तर जातो. लेप तडकलेला असेल तर मात्र तो खालच्या कातड्यात उतरतो, आणि मग रंग पुन्हा मारण्यावाचून इलाज नाही. त्या वेळी आधी मारलेले सिलिकॉनचे चकाकी पॉलिश नडते : नवा रंग त्यावर धरतच नाही.