काँक : मध्ययुगीन खेडे आणि परिसरातील भ्रमंती

काँक : दक्षिण फ्रान्सच्या आव्हेराँ जिल्ह्यातील मध्ययुगीन खेडे, ख्रिस्ती यात्रास्थान व पदभ्रमणाचे केंद्र. रोदेझ शहराच्या वायव्येस, ऊश हा ओढा दूर्दू नदीला मिळतो तेथील दरीच्या उतारावर ते वसले आहे. २०१६ पासून शेजारच्या तीन गावांसह काँक-आँ-रुएर्ग ही एकच ग्रामपालिका आहे. घरे एकावर एक चढत गेल्यासारखी दिसतात. भिंती शिस्ट या पापुद्र्यांच्या दगडाच्या किंवा लाकडी चौकटीत भराव घालून उभारलेल्या असून छपरांवरही शिस्टच्याच पातळ फरश्या आहेत. तटाच्या बारी वेशीची कमान मात्र तांबड्या वालुकाश्माची आहे. गावाच्या मध्यभागी संत फ्वा हिचे मठमंदिर असून येथील दर्शन आणि भ्रमंती दोन्ही त्याच्याभोवती फिरतात.

मठाच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. परंपरेनुसार आठव्या शतकाच्या अखेरीस दादाँ नावाच्या एकांतवाशाने येथे वस्ती केली. फ्रँक सम्राट लुई द पायस याच्या ८१९ च्या सनदेत मठाचा उल्लेख येतो व तोच सर्वांत भक्कम पुरावा मानावा लागतो. दरी अरुंद आणि जागा अडचणीची, म्हणून ८३८ मध्ये फिझाक येथे ‘नवे काँक’ स्थापण्यात आले. मूळ मठ व नवा मठ यांच्यातील चढाओढ पुढे अडीच शतकांहून अधिक काळ चालली. फिझाकच्या भिक्षूंनी आपले प्राचीनत्व दाखवण्यासाठी पुढे केलेली ७५५ ची सनद बनावट ठरली आहे. या चढाओढीत यात्रेकरू ओढून घेण्यासाठी काँकला गरज होती ती एखाद्या मोठ्या संताच्या अस्थींची.

संत फ्वा ही नैर्ऋत्य फ्रान्समधील आझँ येथील बालिका ३०३ च्या सुमारास हुतात्मा झाली, असे मानतात. काँकच्या आरिव्हिस्कस नावाच्या भिक्षूने आझँला दहा वर्षे राहून तेथील मंडळींचा विश्वास संपादन केला आणि एके रात्री तिच्या अस्थी पळवून आणल्या, अशी कथा आहे. ही घटना बहुधा ८६६ मध्ये घडली असे सांगतात. काही अभ्यासक ती ८६४ ते ८७५ या दरम्यान कधीतरी ठेवतात. ८८३ पर्यंत अस्थी काँकमध्ये पोहोचल्या होत्या, एवढे कागदपत्रांवरून म्हणता येते. चोरीचे सविस्तर वर्णन मात्र अकराव्या शतकातले आहे. त्या काळी अस्थी पळवून आणल्याच्या कथा अनेक मठ सांगत. चोरी यशस्वी झाली याचाच अर्थ संताची तशी इच्छा होती, असा त्यामागचा युक्तिवाद असे. त्यामुळे कथेतील तपशील इतिहास म्हणून न घेता मठाचे स्वतःविषयीचे निवेदन म्हणून वाचणे अधिक योग्य होय.

अस्थी ठेवलेली संत फ्वाची सुवर्णमूर्ती मठाच्या खजिन्यात आहे. मध्ययुगीन युरोपातून आजवर टिकलेल्या अशा मूर्तींमध्ये ही अत्यंत जुनी व दुर्मीळ आहे. सिंहासनावर बसलेली ही मूर्ती सुमारे ८५ सेंमी. उंच असून लाकडी गाभ्यावर सोन्याचे पत्रे जडवले आहेत. वर प्राचीन कोरीव खडे, स्फटिक व मीनाकाम आहे. मस्तक इतर अंगाच्या मानाने मोठे, चेहरा प्रौढ आणि पुरुषी, मान किंचित मागे कललेली. बारा-तेरा वर्षांच्या मुलीशी हा चेहरा मुळीच जुळत नाही. १९५० च्या दशकातील जीर्णोद्धारात मूर्ती सुटी करून तपासली, तेव्हा मस्तक उत्तर-रोमन काळातील, बहुधा चौथ्या-पाचव्या शतकातील, असल्याचे मत पुढे आले. धड नवव्या शतकाच्या अखेरचे आणि अलंकरणाचा मोठा भाग इ.स. १००० च्या आसपासचा, असा क्रम तेव्हा मांडला गेला. काहींनी घडणीचा काळ आणखी पुढे आणला आहे. तरीही टप्प्याटप्प्याने घडत गेलेल्या मूर्तीची कल्पना पुराव्याशी जास्त जुळते, कारण जुन्या मूर्तीला नवे रूप दिल्याचे अकराव्या शतकातील साक्षीदारानेच नोंदवले आहे. हात सोळाव्या शतकातील आहेत.

हा साक्षीदार म्हणजे उत्तरेकडील आँझे शहराचा धर्मगुरू बेर्नार. तो १०१३ च्या सुमारास प्रथम येथे आला. उत्तरेकडील विद्वान धर्मगुरूंना अशा मूर्तींची सवय नव्हती. वाटेत ओरियाक येथे संत जेराल्डची मूर्ती पाहून त्याने ज्युपिटर किंवा मार्स या रोमन देवांच्या मूर्तीची आठवण काढून थट्टा केली होती. काँकमध्ये मात्र त्याचे मत पालटले आणि पुढे त्यानेच फ्वाच्या चमत्कारांचा संग्रह लिहायला घेतला. त्यातील बंदिवानांच्या सुटकेच्या कथा विशेष आहेत. सुटलेले कैदी आपल्या बेड्या मंदिरात आणून वाहत. त्या बेड्यांच्या लोखंडातून गर्भागारापुढील जाळी घडवली, असे परंपरा सांगते.

मंदिराचे बांधकाम मठाधिपती ओदोल्रिक याच्या काळात, म्हणजे १०३१ ते १०६५ च्या दरम्यान, सुरू झाले व बाराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले. मुख्य दालन सुमारे २२ मी. उंच आणि त्या मानाने अरुंद आहे. पश्चिम द्वारावरील अर्धवर्तुळाकार शिल्पपटात अंतिम न्यायाचा देखावा असून त्यात १२४ आकृती आहेत. तो मठाधिपती तृतीय बेगाँच्या (१०८७–११०७) अखेरच्या वर्षांतला की त्यानंतरचा, यावर मतभेद आहेत. बाराव्या शतकाचा पहिला चतुर्थांश हा काळ सर्वसाधारणपणे मान्य होतो. पटाजवळ सावकाश उभे राहावे. डावीकडे, ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, लहानशी फ्वा जमिनीवर नतमस्तक झाली आहे. ढगातून आलेला ईश्वराचा हात तिच्या डोक्याशी पोहोचला असून मागे आडव्या दांडीवर कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या आहेत. उजवीकडे नरकात गळ्यात पैशाची थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकतो, तर गर्विष्ठ घोडेस्वार घोड्यासह उलटा पडतो. कमानीच्या कडेवर मात्र चिमुकली डोकी दगडी पट्टी दोन्ही हातांनी धरून डोकावतात. अनेक पाहुण्यांच्या नजरेतून ती निसटतात. काही ठिकाणी निळ्या व तांबड्या रंगाचे अंश अजून दिसतात.

१५६८ मध्ये फ्रान्समधील कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या काळात मंदिराला आग लावण्यात आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी गावकऱ्यांनी खजिना आपापल्या घरांत लपवला, म्हणून तो वाचला. एवढ्या मोठ्या उलथापालथीत एवढा साठा एका खेड्याने राखावा, ही असामान्य गोष्ट आहे. ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे १८३७ मध्ये येथे आला आणि जीर्णोद्धाराची चक्रे फिरली. प्रांगणाच्या ओवऱ्यांचा बहुतेक भाग मात्र त्यापूर्वीच पाडला गेला होता. १८७३ पासून प्रेमोन्त्रे या कॅथलिक पंथाचे साधू येथे आहेत. रोदेझचे चित्रकार पिएर सूलाज यांनी रचलेल्या १०४ खिडक्या १९९४ मध्ये बसल्या. काच रंगहीन व धुरकट असून बाहेरचे दृश्य दिसत नाही. दिवस सरेल तशी ती निळसर ते उबदार छटांतून जाते, म्हणून मंदिर सकाळी व संध्याकाळी असे दोनदा पाहावे.

फ्रान्समधील ल प्वीहून स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थाकडे जाणाऱ्या यात्रामार्गावरील मुक्काम म्हणून काँक आज ओळखले जाते. बाराव्या शतकातील यात्रा-मार्गदर्शिकेत ल प्वीकडून येणाऱ्यांनी संत फ्वाचे दर्शन घ्यावे असे म्हटले आहे. तेवढ्यावरून मध्ययुगात या एकाच वाटेने मोठे जथे जात असत, असे पूर्वीचे लेखक गृहीत धरत. हे विधान जपून घ्यायला हवे. मध्ययुगीन यात्री स्थानिक वाटा, पूल व धर्मशाळा पाहून मार्ग बदलत. आजची आखीव, सलग वाट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. काँकचे मंदिर व दूर्दूवरील पूल यांचा १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हा पूल रोमन म्हणून ओळखला जात असला तरी तो मध्ययुगीन आहे.

ल प्वीहून येणारी आजची वाट जीआर ६५ या क्रमांकाचा लांब पल्ल्याचा पदभ्रमण मार्ग म्हणून ओळखली जाते व पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणांनी दाखवलेली असते. ल प्वी ते काँक हे अंतर सुमारे २०० किमी. असून अनेक पदयात्री येथेच आपला टप्पा संपवतात. सेनेर्गच्या पठारावरून गावात येणारा शेवटचा उतार खडकाळ आहे. ओल्या शिस्टवर पाय सहज घसरतो, तेव्हा पावसात काठी हवीच. पुढे शार्लमान्य गल्लीने पुलाशी उतरून पलीकडच्या दाट झाडीत चढ सुरू होतो. पाठीवर बोजा असलेल्याला तो चांगलाच दमवतो. अर्ध्या चढावर संत फ्वाचे छोटे प्रार्थनागृह लागते. तेथील झऱ्याचे पाणी डोळ्यांना गुणकारी मानत. वाटसरू येथील घंटा वाजवतात व ती दरीपलीकडे गावात ऐकू जाते. ज्यांना लांब चालायचे नाही त्यांनी निदान येथपर्यंत यावे, कारण मंदिराचे मनोरे व छपरे एका नजरेत येथून मावतात. ऊशच्या घळीपलीकडील बाँकारेलच्या टोकावरूनही गाव दिसते.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो. मग एखादा साधू द्वाराशी उभा राहून शिल्पपट समजावून सांगतो, आणि ऑर्गन वाजत असताना वरच्या सज्जांत फिरता येते. उन्हाळ्यातील दुपारची गर्दी ओसरल्यावर मुक्कामी राहिलेल्यांनाच याचा लाभ होतो. ६ ऑक्टोबर हा संत फ्वाचा सणाचा दिवस असून त्या सुमारास मिरवणूक निघते.

उत्तरेस ग्राँ-व्हाब्रजवळ दूर्दू लॉत नदीला मिळते. लॉतच्या खोऱ्यात होडी वल्हवण्याची सोय आहे. दक्षिणेस मार्सियाकच्या तांबड्या मातीत पायऱ्या-पायऱ्यांचे द्राक्षमळे असून तेथील वाइनला १९९० मध्ये अधिकृत मूळस्थानाचा दर्जा मिळाला.